बंदी येणार म्हणून भरलेलं तळघर : एक प्रकरण अभ्यास

ओहायोमध्ये आमच्या घराला लागून एक निवृत्त गृहस्थ राहायचे. चाळीस वर्षं कारखान्यात लेथ आणि मिलिंग मशीनवर काढलेली, त्यामुळे हातही नेमका आणि हिशेबही नेमका. त्यांच्या तळघरात एका भिंतीलगत हिरव्या रंगाचे लष्करी लोखंडी डबे रचून ठेवलेले असत. झाकणाला रबराची पट्टी, बाजूला खटका, आत सिलिका जेलच्या पुड्या. प्रत्येक डब्यावर मार्करने लिहिलेलं असे: आत काय, किती नग, कोणत्या महिन्यात घेतले, काय भावाने. हाच तपशील एका वहीत होता. २०२१ मध्ये हा सगळा व्यवहार आटोपल्यावर त्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली आणि नाव न घालता लिहायला परवानगी दिली. हे प्रकरण त्या वहीचं आहे.

सरकार बंदुकांवर निर्बंध आणणार अशी हवा झाली की अमेरिकेत लोक मॅगझिनं (बंदुकीला लावायच्या, गोळ्या भरलेल्या डब्या), काडतुसं, प्रायमर (काडतूस पेटवणारी बुडातली टोपी), रायफलीचे सुटे भाग भराभर घेऊन ठेवतात. बरेच जण वापरायला घेतात, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण बरेच जण गुंतवणूक म्हणून घेतात. बंदी आली की हाच माल चौपटीने जाईल, असा त्यांचा हिशेब. माझे शेजारी त्यातले. मी स्वतः बंदूक बाळगत नाही, पण निफाडकडचा असल्यामुळे साठवलेल्या मालाची आणि सरकारी निर्णयाची सांगड मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या चाळीतला कांदा वजनात घटायचा, सडायचा, त्याला कोंब फुटायचे, आणि घरातले सगळे दिल्लीच्या बातमीकडे कान लावून बसायचे. शेजाऱ्यांचा माल सडणारा नव्हता. कोरड्या जागेत काडतूस अनेक वर्षं टिकतं, प्लास्टिकचं मॅगझिनही टिकतं. तरी त्यांचे पैसे बुडाले. कसे बुडाले, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

भारतातल्या वाचकाला हे सगळं परकं वाटेल. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा, परवान्याशिवाय काही नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तर एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. काडतुसं किती घ्यायची यालाही परवान्यावर मर्यादा असते आणि नोंद होते. खडकी आणि वरणगावला काडतुसांचे कारखाने आहेत, पण तो माल मुख्यतः सैन्याचा. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्यांत काडतुसांचं खोकं किराणा सामानाच्याच मोठ्या दुकानात, मासेमारीच्या गळांशेजारी मिळतं. मॅगझिनं किंवा काडतुसं विकायला केंद्राचा परवाना लागत नाही. बंदुकांची गोष्ट वेगळी. नफ्यासाठी बंदुका घेऊन विकण्याचा धंदा करायचा तर केंद्राचा परवाना लागतो, आणि धंदा कशाला म्हणायचं ही व्याख्या २०२२ च्या कायद्याने आणखी घट्ट केली. परवान्याचा नियम शेजाऱ्यांना आधीपासून ठाऊक होता. म्हणून त्यांनी गुंतवणुकीसाठी एकही बंदूक घेतली नाही, फक्त मॅगझिनं आणि काडतुसं घेतली.

डिसेंबर २०१२

१४ डिसेंबर २०१२, शुक्रवार. कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाऊन गावी सँडी हूक प्राथमिक शाळेत एका तरुणाने २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली. मुलं सहा-सात वर्षांची होती. पुढच्या आठवड्यात अध्यक्ष ओबामांनी उपाध्यक्ष बायडेन यांच्याकडे उपाययोजना सुचवायचं काम दिलं. एआर-१५ जातीच्या अर्धस्वयंचलित रायफली आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिनं यांवर बंदी येणार, हे सगळे धरून चालले.

आणि बाजार उसळला. बंदूक घेताना दुकानदार ग्राहकाची पार्श्वभूमी एफबीआयच्या यंत्रणेकडून तपासून घेतो. अशा तपासण्या त्या डिसेंबरात २७ लाख ८३ हजारांवर गेल्या, तोवरचा सर्वांत मोठा महिना. २१ डिसेंबरच्या एका दिवसात १ लाख ७७ हजार. एक तपासणी म्हणजे एक विक्री असं नसतं, पण वारं कुठून वाहतंय ते यातून कळतं. मॅगझिनांचं त्याहून विलक्षण झालं. आयोवामधली ब्राउनेल्स ही सुट्या भागांची मोठी विक्रेती कंपनी. तिच्या अध्यक्षांनी सांगितलं की एरवी साडेतीन वर्षांत खपतील एवढी मॅगझिनं ७२ तासांत गेली. जानेवारीत वॉलमार्टने काडतुसांवर एका गिऱ्हाइकाला दिवसाला तीन खोकी अशी मर्यादा घातली.

आमच्या शेजाऱ्यांनी पहिली खरेदी केली ती १९ डिसेंबरला. मुलांच्या अंत्ययात्रा अजून चालू होत्या. मी त्यांना एकदा विचारलं, त्या दिवशी मनात काय आलं होतं? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी मी रडलो. पाचव्या दिवशी भाव बघितले." त्यांनी हे लपवलं नाही याचा मी मान ठेवतो. पण या गुंतवणुकीचा पाया काय असतो हे यातून उघड होतं आणि त्याबद्दल गुळमुळीत बोलणं मला जमणार नाही. भाव चढण्याची सुरुवात जवळजवळ दर वेळी कुठल्या तरी शाळेतून, चित्रपटगृहातून, जत्रेतून होते. साठेबाजाला पुढच्या तेजीसाठी तशाच दिवसाची वाट बघावी लागते.

वहीतली नोंद अशी. डिसेंबर ते फेब्रुवारीत मॅगपुल कंपनीची ३० गोळ्यांची १२० मॅगझिनं, सरासरी ४० डॉलरने: ४,८०० डॉलर. पॉइंट टू-टू (०.२२ इंच) जातीची १०,००० काडतुसं, १२ सेंटने: १,२०० डॉलर. डबे आणि सिलिका जेल: १४० डॉलर. एकूण ६,१४० डॉलर.

त्या मॅगझिनाची एरवीची किंमत १२ ते १५ डॉलर. काळ्या प्लास्टिकची वाकडी डबी, आत स्प्रिंग, वर गोळ्या ढकलणारा तुकडा, तोंडावर धूळ जाऊ नये म्हणून चाप बसणारं झाकण. मी एक हातात घेऊन पाहिलं होतं. अंगावर घड्याळाच्या तबकडीसारखं छोटं वर्तुळ उठवलेलं असतं, साचा कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात भरला ते सांगणारं. शेजारी त्या वर्तुळावर बोट ठेवून म्हणाले, "ही तारीख हीच याची किंमत. बंदीच्या आधीचा माल आहे याचा पुरावा." त्यांच्या दृष्टीने ते प्लास्टिक नव्हतं, मुदत ठेवीची पावती होती.

हा विश्वास आला कुठून

तो हवेतून आलेला नव्हता. त्यामागे दोन खरी उदाहरणं होती, आणि दोन्हींचा अर्धाच भाग लोकांच्या तोंडी होता.

पहिलं १९८६ चं. १९ मे १९८६ रोजी अध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्यात एक कलम असं होतं की त्या तारखेनंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाच्या नावावर नोंदवता येणार नाही. आधी नोंदवलेल्या मात्र कायदेशीर राहिल्या आणि १९३४ च्या कायद्याप्रमाणे २०० डॉलर कर भरून हस्तांतरितही करता आल्या. म्हणजे माल कायमचा गोठला, पण बाजार उघडा राहिला. अशा हस्तांतरणयोग्य मशीनगन देशात पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत आणि त्यात एकाचीही भर पडत नाही. त्या काळी हजार-दीड हजार डॉलरच्या घरात मिळणारी एम-१६ आज तीस हजारांच्या पुढे जाते. बंदुकांच्या प्रदर्शनात हा आकडा कुणीही तुमच्या तोंडावर फेकतो.

पण तोच आकडा जरा हिशेबाला लावा. हजाराचे तीस हजार, ३८ वर्षांत. चक्रवाढीने काढलं तर वर्षाला साडेनऊ टक्क्यांच्या आतबाहेर. त्याच मे १९८६ मध्ये एस अँड पी ५०० हा शेअर निर्देशांक २३५ च्या आसपास होता, २०२४ च्या उन्हाळ्यात ५,४०० च्या वर गेला. म्हणजे सुमारे २३ पट, आणि त्यात मधल्या वर्षांचा लाभांश धरलेला नाही. लाभांश पुन्हा गुंतवत गेलात तर हा निर्देशांक मशीनगनला सहज मागे टाकतो. मशीनगनला कपाट लागतं, तेल लागतं, नोंदणीचे कागद लागतात, गिऱ्हाईक मिळायला महिने जातात. थोडक्यात, ज्या एका उदाहरणावर ही सगळी श्रद्धा उभी आहे, त्यातही माणसाला सामान्य बाजारापेक्षा जास्त काही मिळालेलं नाही. मला या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा वाटतो, आणि तो मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. शेजाऱ्यांनीही तो कधी मांडला नव्हता. मी कागदावर काढून दाखवल्यावर त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन पुन्हा तपासला.

दुसरं उदाहरण १९९४ चं. १३ सप्टेंबर १९९४ रोजी क्लिंटन यांच्या सहीने 'असॉल्ट वेपन' म्हटल्या जाणाऱ्या रायफली आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनं यांवर दहा वर्षांची बंदी आली. जुना माल विकायला मोकळीक होती. गुंतवणूकदाराला हवं तसंच सगळं. पुढे काय झालं, याचा अभ्यास क्रिस्टोफर कोपर या संशोधकाने केला. बंदीच्या आधीच्या महिन्यांत रायफलींचे भाव सुमारे निम्म्याने चढले. बंदी लागू झाल्यावर पुढच्या वर्षी ते जवळजवळ होते तिथे आले. कारण बंदी येतेय हे कारखान्यांनाही कळत होतं. त्यांनी त्या वर्षी नेहमीपेक्षा बराच जास्त माल काढून 'बंदीपूर्व' म्हणून बाजारात ओतला, आणि नंतर बारीक फेरफार करून कायद्यात बसणारे नमुने आणले. मॅगझिनांच्या बाबतीत परदेशातून जुना माल आणायलाही मुभा होती. २००० सालापर्यंत ४८ लाखांच्या आसपास जुनी मॅगझिनं बाहेरून आली. काही पिस्तुलांची मॅगझिनं तरीही महाग राहिली, शंभर डॉलरच्या आसपास पोचली. ज्यांच्याकडे नेमकी ती होती आणि ज्यांनी २००४ च्या आत विकली, त्यांना पैसे मिळाले. १३ सप्टेंबर २००४ ला बंदीची मुदत संपली आणि तोच माल पुन्हा नेहमीच्या भावाला आला.

शेजाऱ्यांना यातली शंभर डॉलरची गोष्ट आठवत होती. बाकीची नव्हती.

एप्रिलपासून उतरण

फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांनी एका प्रदर्शनात टेबल मांडून २० मॅगझिनं ५० डॉलरने विकली. हजार डॉलर रोख. दोन तासांत दोनशे डॉलर नफा. त्या दिवशी उरलेली शंभरही विकली असती तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण भाव चढता असताना हातातला माल सोडवत नाही, ही गोष्ट लासलगावच्या बाजार समितीत मी लहानपणी पाहिली आहे. ते उरलेला माल घेऊन घरी आले. बंदी मंजूर झाली की शंभरने विकू, असं ठरलं.

१७ एप्रिल २०१३ ला सिनेटमध्ये डायॅन फाइनस्टाइन यांचा बंदीचा प्रस्ताव ४० विरुद्ध ६० मतांनी पडला. मॅगझिनांच्या मर्यादेचा वेगळा प्रस्तावही पडला. पार्श्वभूमी तपासणी वाढवणाऱ्या प्रस्तावाला ५४ मतं मिळाली, पण लागत होती ६०. केंद्राच्या बंदीची शक्यता संपली.

मॅगझिनाचा भाव उतरायला मग फारसा वेळ लागला नाही. साच्यात वितळलेलं प्लास्टिक ओतायचं, स्प्रिंग घालायची, तळ बसवायचा. मागणी दिसली की साचे वाढवता येतात आणि मॅगपुलने ते वाढवले. त्या कंपनीवर राज्याचंही दडपण होतं. कोलोरॅडोने १५ गोळ्यांची मर्यादा घातली, ती १ जुलै २०१३ पासून लागू झाली, आणि कंपनीने उत्पादन वायोमिंगला, मुख्यालय टेक्सासला न्यायचं ठरवलं. माल मात्र येतच राहिला. शरद ऋतूत वहीत नोंद आहे: 'दुकानात १४.९५.' पुढे काही लिहिलेलं नाही.

पॉइंट टू-टूची कथा निराळी. हे सगळ्यात बारीक, सगळ्यात स्वस्त काडतूस. मुलं नेमबाजी शिकतात ती यावर, शेतकरी ससे-घुशी मारतात ते यावर. याच्या बुडात वेगळा प्रायमर नसतो. पेटणारं मिश्रण ओलं असताना काडतुसाच्या बुडाच्या कडेत फिरवून भरावं लागतं. त्याची यंत्रं वेगळी, जागा वेगळी, धोका वेगळा. चार महिन्यांच्या घबराटीसाठी कोणी नवा कारखाना उभारत नाही. कंपन्या तीन पाळ्या चालवत राहिल्या आणि टंचाई तीनेक वर्षं रेंगाळली. या काळात दुकान उघडायच्या आधी काही ठरावीक माणसं दाराशी उभी असत. ट्रक कोणत्या दिवशी येतो हे त्यांना माहीत असे. पाचशेचं खोकं वीस-पंचवीस डॉलरला उचलायचं आणि दुपारी पन्नास-साठला विकायचं. या माणसांनी पैसे केले, हे मान्य केलं पाहिजे. पण ती गुंतवणूक नव्हती, ते रोजंदारीचं काम होतं. सकाळी घेतलं, संध्याकाळी दिलं. बंदीवर त्यांची काही भिस्त नव्हती.

त्याचा भार कोणावर पडला? आमच्या गावातल्या शाळकरी मुलांच्या नेमबाजी गटाला दोन हंगाम सरावाला काडतुसं पुरेना. त्या गटाचे स्वयंसेवक शेजाऱ्यांना ओळखत होते. त्यांनी विचारलं तेव्हा शेजाऱ्यांनी बाजारभाव सांगितला. वहीत हे नाही. हे त्यांनी मला तोंडी सांगितलं, आणि सांगताना मान खाली होती.

वाट बघण्याची पाच वर्षं

फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्राच्या शस्त्र नियंत्रण खात्याने एम-८५५ या हिरव्या टोकाच्या रायफल काडतुसावर निर्बंध सुचवले. भाव दोन आठवड्यांत कुठच्या कुठे गेले. १० मार्चला प्रस्ताव मागे घेतला आणि भाव परत खाली. शेजाऱ्यांकडे ते काडतूस नव्हतं, पण त्यांची आशा जागी राहिली.

मग २०१६ ची निवडणूक. हिलरी क्लिंटन जिंकणार असं बहुतेकांनी धरलं होतं. कारखान्यांनी, घाऊक व्यापाऱ्यांनी, दुकानदारांनी, सगळ्यांनी गोदामं भरून ठेवली. ८ नोव्हेंबरला ट्रम्प जिंकले. दुसऱ्या दिवशी स्मिथ अँड वेसन आणि रूगर या बंदूक कंपन्यांचे शेअर १५ टक्क्यांच्या आसपास कोसळले. ज्या पक्षाला बंदूकवाले आपला मानतात तो जिंकला आणि बंदुकांचा धंदा बसला. याचं कारण साधं आहे: चार वर्षं तो धंदा गरजेवर नव्हे, भीतीवर चालला होता. २०१७ आणि २०१८ मध्ये एआर-१५ पाचशे डॉलरच्या खाली मिळू लागली, मॅगझिनं दहाच्या खाली. मार्च २०१८ मध्ये दोनशे वर्षं जुनी रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये कोल्टने नागरिकांसाठी एआर-१५ बनवणं थांबवलं, बाजारात माल पुष्कळ आहे म्हणून.

२०१८ च्या वसंतात शेजाऱ्यांनी ९० मॅगझिनं ८ डॉलरने काढली: ७२० डॉलर. पॉइंट टू-टूची ६,००० काडतुसं साडेचार सेंटने: २७० डॉलर. मॅगझिनांची पाकिटंही फोडलेली नव्हती. ज्या तरुणाने त्यातली पन्नास घेतली तो म्हणाला, दुकानात नवी नऊला मिळतात, तुमची पाच वर्षं जुनी आहेत, आठने द्या. तारखेचं ते वर्तुळ आता उलटं बोलत होतं.

बंदी आली असती तर?

शेजाऱ्यांचा बराच काळ समज होता की त्यांचं नशीब फुटकं, प्रस्ताव पडला म्हणून नुकसान. मला ते पटत नाही. या गुंतवणुकीला फळ यायचं तर तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. बंदी खरोखर यायला हवी. ती आल्यावर जुना माल बाळगणं आणि विकणं दोन्ही कायदेशीर राहायला हवं. आणि बंदीच्या आधी बाजारात मालाचा पूर आलेला नसावा. १९८६ ला तिन्ही जुळलं, कारण ते कलम अगदी शेवटच्या क्षणी घुसलं आणि कारखान्यांना माल काढून ठेवायला फारशी फुरसत मिळाली नाही. १९९४ ला तिसरी गोष्ट चुकली. २०१३ ला पहिली.

दुसरी गोष्ट चुकते तेव्हा सगळ्यात वाईट होतं. न्यूयॉर्कमध्ये १९९४ पूर्वीची मोठी मॅगझिनं कायदेशीर होती आणि लोकांनी ती जपून ठेवली होती. १५ जानेवारी २०१३ च्या कायद्याने ती सवलतच काढून घेतली. वर्षभरात राज्याबाहेर विका, नाहीतर जमा करा. बंप स्टॉकचंही तसंच. रायफलीला लावला की ती वेगाने गोळ्या झाडते असा हा दस्ता. ऑक्टोबर २०१७ च्या लास व्हेगास हत्याकांडानंतर त्यावर बंदी येणार असं दिसताच त्याचे भाव चढले, लोकांनी घेऊन ठेवले. २६ मार्च २०१९ पासून तो बाळगणंच गुन्हा झाला. तोडा किंवा जमा करा, भरपाई नाही. सरकारच्याच अंदाजाने लोकांकडे असे २ लाख ८० हजार ते ५ लाख २० हजार दस्ते होते. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, पण ज्यांनी हातोडीने तुकडे केले त्यांना त्याचा काय उपयोग?

वॉशिंग्टन राज्याचा १ जुलै २०२२ चा कायदा तर आमच्या शेजाऱ्यांच्या स्वप्नाला नेमका छेद देतो. मोठं मॅगझिन घरात ठेवायला हरकत नाही, पण राज्यात विकायचं नाही. भाव जिथे चढू शकतो तिथे विक्री बंद. विक्री चालू आहे ती शेजारच्या आयडाहोत, आणि तिथे तेच मॅगझिन बारा डॉलरला नवं मिळतं. कॅनडाने २१ ऑक्टोबर २०२२ पासून पिस्तुलांची खासगी खरेदी-विक्रीच गोठवली. आधीच्या उन्हाळ्यात रांगा लावून घेतलेलं पिस्तूल आता तिथे दुसऱ्या सामान्य नागरिकाला विकता येत नाही. कॅलिफोर्नियात उलट प्रकार झाला. २९ मार्च २०१९ ला केंद्रीय न्यायालयाने तिथली मॅगझिनबंदी उचलली आणि ५ एप्रिलच्या संध्याकाळी पाचला ती पुन्हा लागू झाली. त्या एका आठवड्यात बाहेरच्या राज्यांतून लाखो मॅगझिनं राज्यात शिरली, तीही नेहमीच्या भावाने. ज्याने चोरून जपलेल्या मालावर भरवसा ठेवला होता त्याचा बाजार सात दिवसांत गेला.

आजकाल निर्बंध येतात ते राज्यागणिक, आणि असेच. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे: बंदीच्या भीतीने चढलेल्या भावाला मॅगझिनं घेणं ही गुंतवणूक धरूच नये. वापरायला हवी असतील तर शांत दिवसांत, साध्या भावाने, लागतील तेवढी घ्यावी.

एक विरोधी पुरावा आहे आणि तो टाळणं बरोबर नाही. २०२० मध्ये कोविड आला, शहरांत दंगली झाल्या, वर निवडणूक. वर्षभरात पार्श्वभूमी तपासण्या ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. नऊ मिलिमीटरचं काडतूस आधी वीस सेंटच्या आत मिळायचं, ते २०२१ च्या सुरुवातीला सत्तर-ऐंशी सेंटवर गेलं. ज्यांनी २०१८-१९ च्या मंदीत स्वस्तात घेऊन ठेवलं होतं, त्यांचे तिप्पट-चौपट झाले. पण ते बंदीवर पैज लावून झालं नाही. मंदीत घेतलं म्हणून झालं. २०२३ पर्यंत तो भावही पुन्हा पाव डॉलरच्या आसपास उतरला.

शेजाऱ्यांकडे पॉइंट टू-टूची शेवटची ४,००० काडतुसं उरली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती १२ सेंटने गेली, ४८० डॉलर. आठ वर्षांपूर्वी घेतली त्याच भावाने.

वहीचं शेवटचं पान त्यांनी माझ्यासमोर भरलं. आलेले: १,०००, ७२०, २७०, ४८०. बेरीज २,४७० डॉलर. गेलेले ६,१४०. तूट ३,६७०, आणि स्वतःसाठी ठेवलेली दहा मॅगझिनं. प्रदर्शनांच्या टेबलांचं भाडं त्यांनी धरलं नव्हतं, मी धरायला लावलं नाही. मग त्यांनीच विचारलं, तेवढेच पैसे निर्देशांकात असते तर? जानेवारी २०१३ ला तो १,४७० च्या आसपास होता, त्या दिवशी ३,८०० च्या वर. लाभांश सोडूनही साडेपंधरा हजारांच्या पुढे. त्यांनी तो आकडा पेन्सिलीने समासात लिहिला, वही मिटली आणि रिकामे डबे गॅरेजमध्ये न्यायला मला एका बाजूने धरायला सांगितलं. खिळे, बोल्ट आणि वॉशर ठेवायला ते चांगले आहेत.